‘हलकं काम द्यावं’ एवढ्यावर भागत नाही

वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांत एक विषय पुन्हा पुन्हा दिसला. दुखापत कामावर झाली नाही, घरी किंवा मैदानावर झाली. हाड जुळलं, पण पूर्वीसारखं काम अजून जमत नाही. अशा वेळी कामावर परत कसं जायचं? पाच पत्रं निवडली आहेत.

प्रश्न: चवथीला गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधताना स्टुलावरून पडून माझं उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं, ते काढून आठ दिवस झाले. मी औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहे. डॉक्टरांनी ‘हलकं काम द्यावं’ अशी चिठ्ठी दिली. कंपनी म्हणते, आमच्याकडे हलकं काम नाही, पूर्ण बरी होऊनच ये. पगार बंद आहे. मी काय करावं? (वाचक भगिनी, फोंडा तालुका)

उत्तर: ताई, तुमची अडचण त्या चिठ्ठीतच आहे. ‘हलकं काम’ म्हटल्यावर डॉक्टरांच्या मनात एखादा किलो असतो, सुपरवायझरला आठ किलोचा खोका हलकाच वाटतो, आणि तुम्हाला वाटतं की निदान बसून काम मिळेल. अशी मोघम चिठ्ठी हातात आली की कोणताही सुपरवायझर जबाबदारी घ्यायला घाबरतो आणि नाही म्हणून मोकळा होतो. एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: कामाबाहेर झालेल्या दुखापतीसाठी खाजगी कंपनीने हलकं काम द्यायलाच हवं, असं सरसकट बंधन कायद्यात नाही. युनियनच्या करारात तसं कलम असेल तर गोष्ट वेगळी, ते आधी पाहून घ्या. नसेल तर कंपनीला हो म्हणणं सोपं जाईल असा कागद तुम्हीच तयार करून न्यायचा.

त्यासाठी पुढच्या तपासणीआधी अर्ध्या पानावर तुमचं काम लिहून काढा. डॉक्टरांनी तुमची लाइन पाहिलेली नसते. उदाहरणार्थ: ‘लाइनच्या शेवटी उभं राहून कार्टन शिपरमध्ये (मोठ्या खोक्यात) भरते. भरलेला शिपर 8 किलो. टेप गन उजव्या हातात. शिपर पॅलेटवर (माल रचायच्या फळीवर) रचते, वरचा थर खांद्याच्या वर जातो. पॅलेट भरलं की हँड पॅलेट ट्रकने ओढून नेते.’ वजन अंदाजाने लिहू नका, शिपरच्या लेबलवर ग्रॉस वेट छापलेलं असतं. तासाला किती शिपर होतात तेही लिहा. आठ किलो दिवसातून चारदा उचलणं वेगळं आणि तासाला चाळीसदा उचलणं वेगळं.

हे वाचल्यावर डॉक्टरांना आकड्यांत लिहिता येईल. चिठ्ठी साधारण अशी हवी:

‘16 ऑक्टोबर ते 5 नोव्हेंबर. उजव्या हाताने 1 किलोपेक्षा जास्त उचलू नये. पिळणं, झटका देऊन ओढणं, तळहातावर भार देणं बंद. डाव्या हाताने 5 किलोपर्यंत चालेल. दोन्ही हातांनी खांद्याच्या वर उचलणं बंद. बोटांचं बारीक काम, लिहिणं, स्कॅनर धरणं चालेल. दर 30 मिनिटांनी 5 मिनिटं हात मोकळा ठेवावा. पॅलेट ट्रक ओढू नये. फेरतपासणी 5 नोव्हेंबर.’

शेवटची तारीख महत्त्वाची. तारीख नसलेली सवलत कंपनीला कायमची वाटते, आणि तिथेच नकार येतो. आजाराचं नाव, एक्स-रे, औषधांची यादी कंपनीच्या कागदावर असण्याची गरज नाही. काय चालेल आणि काय चालणार नाही, एवढं पुरे.

आता मनगटाबद्दल. सहा आठवड्यांनी हाड जुळलेलं असतं, पण त्यात पूर्ण बळ आलेलं नसतं. मनगट आखडलेलं असतं आणि मूठ दुसऱ्या हाताच्या तुलनेत बरीच कमकुवत असते. तळहात वर करणं, म्हणजे प्रसाद घेताना हात करतो तसं करणं, बहुतेकांना सगळ्यात उशिरा जमतं. टेप गन फिरवणं आणि झाकण पिळणं यांना नेमकी तीच हालचाल लागते. जड हातकाम साधारण दहा ते बारा आठवड्यांनंतर जमू लागतं. पूर्ण ताकद यायला सहा महिने ते वर्ष लागू शकतं. स्कूटरने कामावर जात असाल तर तूर्त बस बरी: थ्रॉटल आणि पुढचा ब्रेक दोन्ही उजव्याच हातात असतात.

औषध कंपनीची म्हणून एक वेगळी अडचण आहे. गोळ्या उघड्या असतात त्या भागात, म्हणजे गोळ्या पाकिटात बंद करणाऱ्या ब्लिस्टर मशिनजवळ, वेल्क्रोचा मनगटपट्टा घालून जाऊ देत नाहीत, कारण त्याचे तंतू सुटतात. तिथे पट्टा काढून काम करायला तुम्ही कबूल होऊ नका. पुढच्या टप्प्यातलं काम मागा: कार्टनवरचा बॅच नंबर आणि एक्सपायरी तपासणं, माहितीपत्रकं मोजणं, स्कॅनिंग, नोंदी लिहिणं. ज्या कामाचं प्रशिक्षण तुमच्या नावावर नोंदलेलं नाही, त्याच्या कागदावर तुम्हाला सही करता येत नाही. म्हणून अर्ज कामावर येण्याच्या आठवडाभर आधी द्या, म्हणजे ती नोंद वेळेत होईल. पट्टाही दिवसभर घालून बसायचं नाही, त्याने मनगट आणखी आखडतं. किती तास घालायचा ते फिजिओथेरपिस्टला विचारा.

काम वाढवताना दुसऱ्या दिवशीची सकाळ पाहा. काम करताना थोडं दुखलं तर चालतं. पण सकाळी उठल्यावर दुखणं किंवा सूज आदल्या सकाळपेक्षा जास्त असेल, तर कालचं काम जास्त झालं. एक पायरी खाली या. घरी लिटरभर पाण्याची बाटली म्हणजे एक किलो, तेलाचा पाच लिटरचा कॅन म्हणजे जवळपास पाच किलो. जे घरी दहा वेळा उचलून सकाळी त्रास होत नाही, तेवढ्याचीच मुभा पुढच्या चिठ्ठीत मागा.

तीन खुणा दिसल्या तर फेरतपासणीची वाट पाहू नका. हात टेबलावर पालथा ठेवा आणि फक्त अंगठा वर उचला. काल उचलत होता आणि आज उचलत नाही, तर अंगठ्याची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, तुटली असण्याची शक्यता आहे. हाड जागचं हललेलं नसलं तरी काही आठवड्यांनी असं होऊ शकतं, आणि बहुधा त्याआधी फारसं दुखतही नाही. दुसरी खूण म्हणजे हाताची आग होणं, कातडी चकचकीत होणं, घाम येणं, नुसत्या स्पर्शानेही कळ येणं. तिसरी, अंगठा आणि त्याच्या शेजारच्या दोन बोटांना मुंग्या, विशेषतः रात्री.

पैशांचं. पगार महिना 21,000 रुपयांपर्यंत असेल तर तुम्ही ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत असाल, आणि ईएसआयचा आजारपण-लाभ घरी झालेल्या दुखापतीलाही मिळतो. पत्रात तुम्ही त्याचा उल्लेखच केलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितो. हा लाभ सरासरी दैनिक मजुरीच्या 70 टक्के असतो, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. अट अशी की आधीच्या सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी. जुलै ते डिसेंबरमधल्या आजारपणासाठी त्याआधीची ऑक्टोबर ते मार्च ही सहामाही धरतात. पहिले दोन दिवस मिळत नाहीत. तुमची सरासरी मजुरी 600 रुपये असेल तर रोजचे 420. पन्नास दिवसांतले दोन वजा जाता 48 दिवसांचे 20,160 रुपये होतात, आणि 43 दिवस अजून शिल्लक राहतात. मात्र खाजगी डॉक्टरांच्या किंवा गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळाच्या) कागदावर हे पैसे आपोआप मिळत नाहीत. ते कागद घेऊन तुमच्या ईएसआय दवाखान्यात जा आणि तिथल्या डॉक्टरांकडून प्रमाणपत्र घ्या. मागचे दिवस धरले जातील की नाही हे तिथेच ठरेल, म्हणून उद्याच जा. यापुढे दोन प्रमाणपत्रांच्या मध्ये दिवस सुटू देऊ नका. सुटलेल्या दिवसाचे पैसे बुडतात.

आणि अर्धा दिवस कामावर जाण्याआधी हे समजून घ्या: ज्या दिवशी काम करून मजुरी घेतली, त्या दिवसाचा लाभ मिळत नाही, मग काम चार तासांचं का असेना. चार तासांची मजुरी 300 रुपये झाली तर ती 420 पेक्षा कमीच. म्हणून कंपनीशी ‘कमी तास’ असं बोलण्यापेक्षा ‘पूर्ण पाळी, वेगळं काम’ असं बोला. शरीराला कमी तासच झेपत असतील, तर उरलेले तास शिल्लक रजेतून भरता येतील का, ते आधी लेखी ठरवा.

प्रश्न: मी कांदोळीच्या हॉटेलात रूम अटेंडंट आहे. पावसात घरच्या चिऱ्यांच्या पायरीवर शेवाळावरून घसरून उजवा घोटा मोडला, प्लेट घातली. तीन महिने होत आले. डॉक्टर कामावर जा म्हणतात, पण संध्याकाळी घोटा सुजतो. मॅनेजर म्हणतात, सीझन सुरू झालाय, पूर्ण 14 खोल्या घेणार असशील तरच ये. (वाचक भगिनी, पेडणे)

उत्तर: संध्याकाळच्या सुजेने घाबरू नका. घोटा मोडल्यावर सहा महिने, कधी वर्षभरही दिवसअखेर सूज येते. पाय उशीवर घेऊन झोपल्यावर सकाळी ती उतरली पाहिजे. सकाळीही तशीच असेल तर काम जास्त होतंय. एकाच पोटरीत दुखून ती गरम आणि टणक झाली, किंवा धाप लागली, तर मात्र 108 ला फोन करून थेट इस्पितळ गाठा. ती रक्ताची गुठळी असू शकते. प्लेटच्या जागी लाली किंवा पू दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

कामाचं मोजमाप तुमच्या धंद्यात आधीच तयार आहे, ते म्हणजे खोल्या. आम्ही असा आराखडा सुचवू: पहिले दोन आठवडे 5 खोल्या, पुढचे दोन 8, मग 11 आणि सातव्या आठवड्यापासून 14. डॉक्टरांनी यावर सही करावी. मात्र खोली-खोलीत फरक असतो. चेकआउटच्या खोलीत सगळ्या चादरी बदलाव्या लागतात, गादीचा कोपरा उचलून पलंगपोस खोचावा लागतो, बाथरूम पूर्ण घासावं लागतं. पाहुणे राहत असलेली खोली निम्म्या श्रमात होते. म्हणून सुरुवातीच्या पाचही खोल्या राहत्या पाहुण्यांच्या, एकाच मजल्यावरच्या आणि सर्व्हिस लिफ्टजवळच्या मागा.

घोट्याला सगळ्यात जास्त त्रास उकिडवं बसण्याचा होतो, उभं राहण्याचा त्या मानाने कमी. टबमागची फरशी घासताना घोटा पुढे दुमडतो, आणि प्लेट घातलेला घोटा तेवढा दुमडत नाही. मग टाच उचलली जाते आणि ओल्या फरशीवर तोल जातो. लांब दांड्याचा ब्रश मागा, छोटी गोष्ट आहे पण फरक पडतो. सपाट कॉरिडॉरमध्ये ट्रॉली ढकलायला हरकत नाही; उतारावर दुसऱ्या कुणाला तरी धरायला सांगा. पायऱ्या चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. बूट बंद, नाडीचे, न घसरणाऱ्या तळव्याचे हवेत. हॉटेलच्या गणवेशातले सपाट काळे बूट चालणार नाहीत असं चिठ्ठीतच लिहून घ्या, म्हणजे वाद होणार नाही. ते संध्याकाळी विकत घ्या, सुजलेल्या पायाच्या मापाने.

उरलेल्या वेळात टॉवेलच्या घड्या, लिननची मोजणी, साबण-शाम्पूचे संच भरणं ही बसून होणारी कामं सीझनमध्ये कुणाला तरी करावीच लागतात. मॅनेजरना ‘मला कमी काम द्या’ म्हणण्याऐवजी ‘8 खोल्या आणि लिनन रूमचे तीन तास मी घेते’ असं सांगा. सीझनमध्ये सात आठवड्यांत पूर्ण कामावर येणारा अनुभवी माणूस नव्या माणसापेक्षा त्यांनाही परवडतो.

पूर्ण 14 खोल्या घेण्याआधी भिंतीला बोट टेकवून दुखऱ्या एका पायावर टाच दहा वेळा उचलून पाहा. जमत नसेल तर पोटरीत अजून बळ आलेलं नाही. ठेकेदारामार्फत असलात तरी ईएसआय क्रमांक तुमच्याच नावाचा असतो, तो मागून घ्या. आणि हाड वेळेत जुळलंच नाही असं डॉक्टर म्हणाले, तर ईएसआयचा वाढीव आजारपण-लाभ 80 टक्के दराने मिळू शकतो; त्यासाठी दोन वर्षांची सलग नोकरी आणि पुरेशी वर्गणी लागते.

प्रश्न: सेकंड शिफ्ट संपवून वेर्ण्याहून घरी येताना स्कूटर घसरली, गळ्याजवळचं हाड मोडलं. कंपनीने ‘बाहेरचा अपघात’ म्हणून रजा टाकली. बरोबर आहे का? (वाचक, मडगाव)

उत्तर: बहुधा नाही. घरून ड्युटीवर जाताना किंवा ड्युटी संपवून घरी येताना झालेला अपघात ईएसआयमध्ये कामावरची दुखापत धरला जातो. वेळ, जागा आणि कामावर येण्या-जाण्याचा संबंध जुळला पाहिजे. ही तरतूद 2010 च्या दुरुस्तीने आली. फरक मोठा आहे: 70 ऐवजी 90 टक्के मिळतात, 91 दिवसांची मर्यादा राहत नाही, 78 दिवसांच्या वर्गणीची अटही नाही. पुढे खांद्यात कायमची उणीव राहिली तर ती किती ते ठरवून घ्यायला मेडिकल बोर्डाकडे जाता येतं. कंपनीकडून अपघाताचा अहवाल ईएसआय कार्यालयात जायला हवा. त्यासाठी त्या दिवसाचं पंचिंग, इस्पितळाच्या केसपेपरवरची वेळ, पोलिसांत नोंद असेल तर तिची प्रत आणि अपघाताची जागा नेहमीच्या वाटेवर असल्याचं दाखवणारा साधा नकाशा जोडा. केसपेपरवर ‘घरी पडला’ असं चुकून लिहिलं गेलं असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या, कारण दावा अडतो तो तिथेच. वाटेत मित्राकडे जेवायला वळला असाल तर संबंध तुटू शकतो. जे घडलं तेच लिहा.

प्रश्न: मी सरकारी महामंडळात बसचालक. गावच्या फुटबॉल सामन्यात डाव्या गुडघ्याची लिगामेंट तुटली, शस्त्रक्रिया झाली. डेपोतले लोक म्हणतात, गाडी चालवता आली नाही तर स्वेच्छानिवृत्ती घ्यावी लागेल. (वाचक, डिचोली)

उत्तर: कुठल्याही अर्जावर घाईने सही करू नका. दोन टप्पे वेगळे ठेवा.

पहिला टप्पा बरं होण्याचा. लिगामेंट नव्याने बसवल्यावर घरची लहान गाडी चालवणं काही आठवड्यांत जमतं. बसचा क्लच मात्र डाव्याच पायाने, दिवसातून शेकडो वेळा दाबायचा असतो, शिवाय केबिनची उंच पायरी आहे. शारीरिक कष्टाच्या कामाला साधारण चार ते सहा महिने धरा. फुटबॉलला नऊ ते बारा. तोवर वैद्यकीय रजा, किंवा डेपोतलं बसून करायचं काम लेखी अर्ज करून मागा. पुन्हा स्टेअरिंगवर बसण्याआधी रिकाम्या बसने आवारात फेरी मारून अचानक ब्रेक दाबण्याची चाचणी मागा. प्रवाशांसाठीही ते योग्य आहे.

दुसरा टप्पा, गुडघा कायमचा अधू राहिला तर. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016, कलम 20 प्रमाणे सरकारी आस्थापनेला नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही, त्याची पायरीही खाली आणता येत नाही. मूळ काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच सेवालाभांसह दुसरं पद द्यायचं. पद रिकामं नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा तयार केलेल्या पदावर ठेवायचं. दुखापत ड्युटीवरच झालेली असावी अशी अट नाही. सरकारच्या मालकीची महामंडळं यात येतात. त्यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागेल, आणि ते उपचार पूर्ण होऊन गुडघ्याची स्थिती स्थिर झाल्यावरच घ्या. असंच संरक्षण आधीच्या 1995 च्या कायद्यातही होतं, आणि अपंगत्व-निवृत्तिवेतन दिलं म्हणून ते संपत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने 2003 साली सांगितलं आहे.

प्रश्न: बेतोड्याला आमचं पंधरा जणांचं फॅब्रिकेशन युनिट आहे. एका वेल्डरचा खांदा कुळागरात नारळ उतरवताना निखळला. तो मर्यादा लिहिलेली चिठ्ठी घेऊन आलाय. त्याला घ्यावं असं वाटतं, पण पुन्हा काही झालं तर? (वाचक, फोंडा)

उत्तर: तुमची भीती रास्त आहे. कामावर असताना खांदा पुन्हा निखळला तर ती कामावरची दुखापत म्हणून तुमच्याकडे येऊ शकते. म्हणूनच मर्यादा पाळून घेणं तुमच्याच हिताचं आहे. ईएसआयचा लाभ चालू असेल तर आधी तिथलं अंतिम प्रमाणपत्र, म्हणजे कामावर जायला योग्य असल्याचं, बघा; त्याशिवाय हजेरी लावली तर त्याचा दावा अडचणीत येतो.

निखळलेला खांदा पुन्हा निखळतो तो बहुधा हात बाजूने वर नेऊन मागे वळवला की, म्हणजे चेंडू फेकण्याच्या पवित्र्यात. त्यामुळे डोक्यावरचं वेल्डिंग, शिडी, वरून पत्रा ओढणं बंद. टेबलावर, कोपर अंगाला लावून टॅक (वेल्डिंगचे छोटे टाके) मारणं तुलनेने सुरक्षित. ग्राइंडर देऊ नका, चाक अडकलं की तो हात फिरवतो. गळ्यातली झोळी किंवा पट्टा बांधून कुणालाही ड्रिल मशिनपाशी उभं करू नका. कापड स्पिंडलला, म्हणजे फिरत्या दांड्याला गुंडाळलं तर हातच आत ओढला जातो. एक प्रश्न त्याला अवश्य विचारा: दुखण्यावर कुठल्या गोळ्या चालू आहेत? ट्रॅमाडॉल, प्रीगॅबलिन किंवा क्लोरझोक्साझोन असेल तर झोप येते. त्या काळात क्रेन, फोर्कलिफ्ट, कटिंग मशीन नको. नाव कळत नसेल तर पाकिटाचा फोटो त्याच्या डॉक्टरांना दाखवायला सांगा.

मर्यादांचा एक कागद त्याच्या आणि फोरमनच्या सहीने ठेवा, आणि शेजारी काम करणाऱ्या दोघांनाही तो वाचायला द्या. ऑर्डर निघायची घाई असते तेव्हा ‘अरे, जरा हे टोक धर’ अशी हाक तेच मारतात.